कौसाबाईंचा हिसका

“हात लावायचा नाय म्हणलं ना, कौसाबाई!” दिग्या धाकट्या बहिणीच्या पुढं आडवा उभा राहिला. तीन वर्षांची मनू डावं कोपर पोटाशी धरून कळवळत होती.

मालीशवाल्या कौसाबाईंनी तेलाची वाटी पुढं सरकवली. “गल्लीतली सगळी पोरं मीच चोळून मोठी केली. एक हिसका दिला की बसतंय कोपर जाग्यावर. शाळा सोडून बसलायस, अन् मला शिकवतोस व्हय?”

दिग्यानं बाही वर केली. त्याचा हात कोपरात आजही वाकडाच होता. “हा तुमचाच हिसका. विसरलात?”

बाईंनी तेलाची वाटी मागं ओढली. त्यानं आईची ओढणी घेऊन मनूचा हात होता तसाच गळ्यात अडकवला अन् फडक्यात बर्फ गुंडाळून धरला. तिची बोटं हलतात का, हे तो पुन्हापुन्हा बघत होता.

“पण एवढी पडली कुठं?” आईनं विचारलं.

पडली, असं त्यानंच सांगितलं होतं. दिग्यानं मनूला अलगद कडेवर घेतलं.

“पडली नाय ती. एका हाताला धरून मीच गरगर फिरवली. डॉक्टरला तेच सांगणारे. रिक्षा आलीय, मला निघायला पाहिजे.”