चार्जिंगचा काटा

बाबांच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा सारखा मायनसकडे कलायचा, म्हणजे बॅटरी चार्ज होत नव्हती. "अरे, एकदा वायरिंग बघ ना," अशी त्यांनी चिरंजीवांच्या मागे भुणभुण लावली होती. पण दोन दिवस डोकेफोड कोण करणार? चिरंजीवांनी डायल उघडला, काटा प्लसवर आणला आणि गोंदाच्या थेंबाने तिथेच चिकटवून टाकला. बाबा बेहद्द खूश झाले, आईला शेजारी बसवून फिरायला निघाले.

बोगद्याच्या मधोमध बॅटरी संपली. दिवे गेले, गाडी बंद पडली आणि मागून ट्रक आला.

आई जागीच गेली. दवाखान्यातल्या खाटेवर बाबा एकच घोकत होते, "अरे, काटा प्लसवर होता. मी बघितला होता!"

चिरंजीवांनी मायेने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.



"बाबा, किती वेळा सांगितलं, तुम्हाला आता धड दिसत नाही."