शेवटच्या अंकाचा कागद

तिसऱ्या अंकाची घंटा होणार, तोच तोताराम नाना कागद फडकावत विंगेत आले. "शेवट बदलला रे. बादशहासमोरचं भाषण नवीन लिहिलंय."

ते भाषण जीवरामच्या तोंडी होतं. जळगावकडच्या एदलाबादचा हा फिटर दोन वर्षांपूर्वी पिंपळनेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला आला. त्याच्या बोलीची टर उडवत गावाने त्याला नाटकात घेतलं, तेही भाला धरून उभं राहायला. यंदा नानांनी त्याला थेट नायक केलं. रोमच्या फौजेत शिपाई म्हणून शिरलेला आणि सेनापतीपदाला पोचलेला हूण, तुरगा, ही त्याची भूमिका. त्यासाठी मगनला काढलं.

मगन बारा वर्षं नायक होता. तालमीला कधी वही हाती धरली नाही. घरी बायको सुंदरबाईबरोबर चार दिवस बसला, की अख्खं नाटक तोंडपाठ. काढल्यावर त्याने तक्रार केली नाही; उलट प्रॉम्प्टिंग मागून घेतलं. तेच जीवरामला खटकत होतं. पहिल्या दोन अंकांत मगनने शब्द न् शब्द पुरवला होता, तरीही.

नानांनी कागद मगनच्या हातात कोंबला.

"मगनभाऊ, मले एकडाव पाहू द्या," जीवराम म्हणाला.

मगनने कागद वहीत घालून वही छातीशी धरली. त्याला घाम फुटला होता. "तू चिंता नको करू. मी शे ना."

घंटा झाली.

बादशहा गरजला, "तुरगा, उद्या समोर तुझेच हूण असतील. कुणाच्या बाजूने लढशील?"

जीवरामने विंगेकडे पाहिलं. मगन गप्प. पुन्हा पाहिलं. मगनने मान खाली घातली. साधला डाव यानं, जीवरामच्या मनात आलं. आता गाव हसणार आणि पुन्हा हाती भाला येणार. मांडवात मागून कुणीतरी शिट्टी मारली.

जीवरामचं डोकं भडकलं. तो आपल्याच बोलीत बोलत सुटला.

"महाराज, दोन वर्सं तुमचा भाला धरला. तुम्ही हसले, मी उभा राह्यलो. आता सेनापती केलं, अन् इचारता, तू कोनाचा? हे घ्या तलवार. ज्याले आपला म्हनता, त्याच्या हाती द्या."

 मांडवात टाळ्या थांबेनात.

पडदा पडताच जीवरामने विंगेत घुसून मगनची गचांडी धरली. "काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

मगनचे डोळे भरलेले होते. आसपास कुणी नाही हे पाहून त्याने वहीतला कागद पुढे केला.

"घरवाली माहेरले गयेल शे रे, जीवराम. तूच वाचीसन दखाड. नानानी काय लिखेल शे?"