येसूबाईचा भात

"आये, आज तरी भात खा गो," म्हणत हरिश्चंद्राने वाफाळतं ताट येसूबाईपुढे सरकवलं.

ओटीवर वाडीतल्या बाया जमल्या होत्या. जमणारच! तीन वर्षांमागे, शिमगा आटोपून हरिश्चंद्र मुंबईला निघाला, तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर त्याच्या आईने सगळ्यांदेखत नवस केला होता. पोरगा गोदीत कायम होईस्तोवर भाताला शिवणार नाही. तेव्हापासून ती पेजेच्या निवळीवर होती. नुसती हाडं उरली, पण बाई हटली नाही. वाडीला तिचा कोण अभिमान!

आणि आता हरिश्चंद्र कायम होऊन आला होता.

"नवस फिटला ना? मग?"

"तुझं लगीन होऊ दे. मग खाईन."

"म्हणजे आणखी एक नवस?"

"देवाला दिलेला शब्द हाय तो. तुला काय कळतंय!" येसूबाई हसली. छाती चोळत तिने ताट बाजूला सारलं आणि पित्तावर आमसुलाचं पाणी घेतलं.

हरिश्चंद्राचं डोकंच फिरलं. तीन वर्षं त्याला घास गोड लागला नव्हता. आई भातावाचून आहे, या एका विचारापायी तो गोदीत मरमर राबला होता.

"ठीक," तो म्हणाला. "तू भात खाशील, तेव्हाच मी पाण्याचा घोट घेईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घेरी आली. येसूबाईने ताट ओढलं.

"हट्टी मेला! अगदी बापावर गेलास," एवढंच ती म्हणाली.

त्याने आपल्या हाताने घास भरवला. पुन्हा जमलेल्या बायांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या घासाला येसूबाईचे डोळे पांढरे झाले.

चौघांनी तिला खाटेवर घालून डॉक्टरांकडे पोचवलं. रबरी नळी घेऊन डॉक्टर बराच वेळ झगडले. मग त्यांनी तिच्या तोंडावर चादर ओढली.

"वर्षानुवर्षं आंबट पाणी वर येऊन हिची अन्ननळी आतून भाजत गेली, आवळत गेली," ते बाहेर येऊन म्हणाले. "पेजेपुरतीच वाट उरली होती. कुणाला सांगू नका म्हणाली, पोराचं मुंबईला जाणं मोडेल." हात पुसता पुसता त्यांचा आवाज चढला. "तीन वर्षांमागे, शिमग्याच्या आठ दिवस आधी, मीच हिचा भात बंद केला होता. आज कुठल्या गाढवाने भरवला?"