मागं पडणारी टाळी

अमेरिकेनं डोक्यावर घेतलेली काळ्या गायकाची कॅसेट महेंद्रनं बोटीवरच्या नोकरीवरून कुंडलला आणली, तवा सगळी वाडी हसली. "गातोय का रडतोय गड्या?" त्याची आई बायडाबाई मात्र म्हणाली, "आपल्यावानीच भोगलंय त्यानं."

पुढं महेंद्र समुद्रात बुडाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. बोटवाल्यांनी हात झटकले.

महेंद्रच्या पुण्यानुमोदनाच्या दुपारी, बुद्धवंदना झाल्यावर, बायडाबाईनं तीच कॅसेट लावली. पाहुण्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत!

गाणं भर सभेतलं होतं. लोक तालावर टाळ्या वाजवत होते. महेंद्रचे वडील आबा जलशातले जुने ढोलकीवाले. त्यांची बोटं आपोआप मांडीवर पडू लागली. आणि त्यांनी ऐकलं. त्या गर्दीत एक टाळी दर वेळी जरा मागं पडत होती. जलशात महेंद्रची पडायची, तशीच. आजवर ती या कॅसेटमध्ये कधी नव्हती.

"आवं, ऐकताय न्हवं?" बायडाबाई पुटपुटली.

आबांच्या तोंडून जुनी सवय निसटली, "म्हेंद्या, ताल सोडू नगंस रं!"

गायक थांबला. टाळ्या थांबल्या. एकच उरली, आणि ती आता आबांच्या बोटांबरोबर अचूक पडत होती.

बोटं थांबवायचा आबांना धीर होईना.