पूर्वीसारखाच

रिक्षाच्या टपावर कर्णा बांधता बांधता रंगनाथने दवाखान्यानं दिलेला कागद वाचला आणि नाक मुरडलं. बीपी, शुगर, लसीकरण, मलमपट्टी. एवढंच?

“बाळंतपणं आणि ऑपरेशनं तालुक्याला हलवलीत,” नर्सबाई म्हणाल्या. “ते पुकारू नका, लोक बिथरतात. उरलंय तेवढंच सांगा.”

तीस वर्षं जत्रा आणि बैलबाजार पुकारलेल्या माणसाला एवढीशी यादी म्हणजे अपमानच. माणसं मालाला नाही, आवाजाला भुलतात, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं पदरचं एक वाक्य जोडलं, “आपला दवाखाना पूर्वीसारखाच सुरू आहे हो!” आणि ते रेकॉर्डिंग आठवडाभर वाड्यावस्त्यांवर फिरवलं.

शनिवारी दुपारी तो दवाखान्याच्या फाटकाशी चहा पीत उभा होता. टपावर कर्णा चालूच होता. तेवढ्यात धुरळा उडवत एक जीप आली आणि जावई खाली उतरला. मागच्या सीटवर रंगनाथची लेक, दिवस भरलेली, घामानं निथळत होती. तिच्या पायाखालचं गोणपाट लाल झालं होतं.

“इथं कशाला आणली? तालुक्याला न्यायची ना!”

“निम्म्या वाटेवर होतो, मामा. हिनंच जीप मागं वळवायला लावली. म्हणाली, जवळचाच दवाखाना सुरू आहे, आबा खोटं पुकारायचे नाहीत.”

वर कर्णा तेच वाक्य पुन्हा म्हणाला. नर्सबाई धावत आल्या. त्यांनी जीपमध्ये वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “इंजिन बंद करू नका.”