डेल्बर्ट हॅडलीच्या हातचं होल्स्टर

"हेही नको," रॉयस टॅकेट म्हणाला आणि पिस्तूल ठेवायचं कमरेचं कातडी होल्स्टर काढून त्याने टेबलावर ठेवलं.

ते तिसरं होतं. डेल्बर्ट हॅडलीच्या दुकानात दुसऱ्याची पाळीसुद्धा सहसा येत नसे. पश्चिम टेक्सासात असं काम दुसऱ्या कुणाचं नाही असं लोक म्हणत, आणि लोक विसरले तर तो स्वतः आठवण करून देई. पँटच्या आत, पट्ट्याच्या आधाराने तो लहानसं पिस्तूल असं बसवायचा की बायकोने मिठी मारली तरी तिला पत्ता लागू नये.

"कुठं रुततंय ते तरी सांगा," डेल्बर्ट म्हणाला. "बरगडीला? मांडीला?"

"कुठंच नाही."

"मग?"

"मग नको."

डेल्बर्टने शिवणयंत्रावर बसलेल्या बायकोकडे, नेडीनकडे पाहिलं. तिने भुवया उडवल्या. सकाळी सकाळी हे कुठलं गिऱ्हाईक, असा त्याचा अर्थ.

रॉयस सत्तरीचा, सडसडीत माणूस. दोन गावं पलीकडून आला होता. पिस्तूल बरोबर आणलं नव्हतं. "माझं असंच होतं," म्हणत त्याने फळीवरचं एक नकली उचलून दिलं होतं. ओल्या कातड्याला आकार द्यायला तसली धातूची जड नकली पिस्तुलं डेल्बर्टकडे ओळीने मांडलेली असत. होल्स्टर बसतं की नाही, हे बघायलाही तीच कामी येत.

"आधी कुणाचं वापरायचात?" डेल्बर्टने विचारलं.

"तुमच्याच हातचं. जत्रेत घेतलं होतं."

डेल्बर्टचं तोंड एवढंसं झालं. "आणि आता दुसरं शोधताय?"

"तुमच्या कामात काही खोट नव्हती, मिस्टर हॅडली."

सभ्य माणसं असंच म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. डेल्बर्टला ते लागलं.

नेडीनने कॉफी आणून दिली. तिला माणसाला बोलतं करायची सवय होती. "घरी कोण कोण असतं?"

"मी एकटाच. मुलगी गावातच आहे, पण बोलत नाही माझ्याशी." त्याने नकली पिस्तुलाकडे बोट केलं. "याच्यावरूनच."

"नातवंडं?"

"एकच. जोसी." रॉयस कपात बघत राहिला. "चार वर्षांची."

डेल्बर्टच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. होल्स्टर टोचलं असणार. म्हाताऱ्याने वैतागून काढलं असेल, कुठंतरी ठेवलं असेल, आणि पोरीने हात घातला असेल. ते आईने पाहिलं, की संपलं. अशी भांडणं त्याने खूप ऐकली होती. पण या वेळी त्याच्याच कातड्याने बाप-लेकीत वितुष्ट आणलं होतं. त्याला मनापासून वाईट वाटलं.

"ऐका माझं," तो खुर्ची ओढून रॉयससमोर बसला. "जे टोचतं ते माणूस काढून ठेवतो. कधी उशीखाली, कधी गाडीच्या सीटवर. मग ते पोरांच्या हाती लागतं. म्हणून ते अंगावरच राहायला हवं, आणि अंगावर आहे हे जाणवायलाही नको. तुमची मुलगी तुमच्याशी बोलायला लागेल, असं होल्स्टर देतो मी तुम्हाला. नाही दिलं तर दुकान बंद करून शेळ्या राखीन."

"शेळ्यांनी काय पाप केलंय?" नेडीन म्हणाली.

रॉयस हसला नाही.

मग डेल्बर्टने आतल्या कपाटातून त्याचं सगळ्यात चांगलं काम काढलं. घोड्याचं कातडं, आतून मऊ अस्तर, वजन कमरेवर पसरावं म्हणून रुंद केलेलं. स्वतःसाठी ठेवलं होतं ते. रॉयसने ते लावलं. खुर्चीत बसून पाहिलं, वाकून पाहिलं.

"जरा आडवा होऊ का तिथं?" त्याने गिऱ्हाइकांच्या सोफ्याकडे पाहत विचारलं.

"व्हा की! घर तुमचंच आहे."

रॉयस आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले. बराच वेळ तसाच पडून राहिला. डेल्बर्टने नेडीनला डोळा मारला. जमलं!

एकदम रॉयस ताडकन उठून बसला. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने घाईघाईने होल्स्टर काढलं. या वयात झटकन उठलं की होतं असं, डेल्बर्टला वाटलं.

"हे तर नकोच," रॉयस म्हणाला.

आता मात्र डेल्बर्टने हात टेकले. तोवर रॉयस टेबलाखालच्या टोपलीत वाकून काहीतरी शोधायला लागला होता. त्याने एक होल्स्टर वर काढलं.

"अहो, ते बिघडलेलं आहे! काठ घासायचा राहिलाय, आतला टाकाही वर आलाय. कापून टाकणार होतो मी ते."

रॉयसने ते लावलं. खुर्चीत बसला, वाकला. वाकताना त्याने ओठ आवळले.

"हे द्या."

"दुपारपर्यंत सालटं निघेल तुमचं!"

"निघू दे."

"आणि मुलगी? ती काय म्हणेल?"

रॉयसने पाकीट काढलं. होल्स्टरमधलं नकली पिस्तूल त्याने बाहेर काढलंच नाही. "हेही विकत द्या," तो म्हणाला.

"नकली?" डेल्बर्ट आता चिडला. "ते घेऊन काय करणार? खरं कुठं आहे तुमचं?"

"शेरिफच्या ताब्यात." रॉयसने हॅट उचलली. "जेवण करून सोफ्यावर आडवा झालो आणि डोळा लागला. जोसी तिथंच खेळत होती. आवाजानेच जाग आली मला. तिच्या मातीला मुलीने मला येऊ दिलं नाही." त्याने शर्ट ओढून कमर झाकली. "जरासं टोचलं असतं ना, मिस्टर हॅडली, तर झोपण्याआधी मी ते काढून कुलपात ठेवलं असतं."