हाताचा गुण

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सुनकीबाईसमोर दोन बाटल्या ठेवल्या.

“मावशी, तुमची मुळी खरी निघाली! या बाटलीत तिनं हिवतापाचे जंतू मारले. अजून पुष्कळ तपासण्या बाकी आहेत, पण सुरुवात झाली.” मॅडमना खुर्चीत बसवत नव्हतं.

सुनकीबाई पदराआड हसली. जन्मभर ती जंगलातून ही मुळी आणायची, ठेचून मडक्यातल्या पाण्यात भिजवायची आणि तापानं फणफणून दारी आलेल्याला पाजायची. बाईच्या हाताला गुण आहे, असं दहा गावं म्हणायची.

“अन् ह्या दुसऱ्या बाटलीत काय हाय जी?”

“तीच मुळी, पण उकळलेली. त्यातले जंतू जिवंतच राहिले. उकळलं की तिचा गुण जातो.”

सुनकीबाईचं हसू ओठांवरच थिजलं. तिची एकुलती लेक हिवतापानं गेली, त्याला बावीस वर्षं झाली होती. जगाला उठवलं आणि पोटची पोर तेवढी राखता आली नाही, असं गाव तेव्हा म्हणालं होतं. आपलं कुठं चुकलं, हे तिला आजवर उमगलं नव्हतं.

“मावशी, काय झालं?”

“काई नाई. कागदावर ठळक लिवा, मॅडम. मुळी थंड्या पान्यातच भिजवा म्हनून.”

परक्यांना तिनं मुळी नेहमी नुसती भिजवून दिली होती. लेकीच्या वेळी मात्र, आपल्या पोरीला जास्त गुण यावा म्हणून, ती दिवसभर चुलीपुढून हलली नव्हती आणि पेलाभर काढा उरेपर्यंत तिनं मुळी उकळली होती.